फुलांच्या पाण्यावर नऊ दिवस

"हळू ये गं थेंबा, हळू ये बाटलीत,
उन्हाची लेक तू, चाल सावलीत..."

हा माझ्या आईचा आवाज. पन्नास वर्षांपूर्वीचा. मार्च सरत आला की आमच्या किनाऱ्यावरच्या गावात घरोघरी तांब्याचा कत्तार चुलीवर चढायचा. अजूनही चढतो. त्याच्या पोटात कडू नारिंगाची पांढरी फुलं शिजतात, वरच्या टोपात गार पाणी असतं, वाफ त्या टोपाला टेकली की तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब बाटलीत उतरतं. आई त्या थेंबांना गाणं म्हणायची. थेंबाला घाई केली की सुगंध रुसतो, असं तिचं म्हणणं.

सांगायचा मुद्दा असा, की तांबं, उष्णता आणि गार पाणी या तीन गोष्टींतलं मला आईच्या मांडीवरच सगळं कळलेलं आहे असा माझा समज होता. त्या समजाने मला कुठवर नेलं ते ऐका.

माझी मुलगी ओल्फा वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटचं काम म्हणून तिने एक वाचनालय रचलं होतं, अर्थात संगणकात. कुंभारांच्या जुन्या भट्टीच्या जागी वाचनालय, आणि त्याच्या भिंतींवरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन कसं सरकतं ते दाखवणारी पाच मिनिटांची चित्रफीत. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी ते परीक्षकांपुढे ठेवायचं होतं. मार्चच्या सुरुवातीला तिचा जुना लॅपटॉप त्या उन्हाचा हिशेब करता करता निमाला. सकाळचे साडेनऊ झाले होते, म्हणजे वाचनालयातले.

जेवताना ओल्फा सहज म्हणाली, की वज्दी नवा संगणक जुळवून देतो म्हणतोय, सुट्या भागांच्या किमतीत.

मी चमचा खाली ठेवला. वज्दी कोण ते सांगायला हवं. बसथांब्यामागे त्याचं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे, आणि आठ महिन्यांपूर्वी त्याचे आईवडील बकलाव्याच्या मिठाईचं तबक घेऊन ओल्फाला मागणी घालायला आमच्याकडे आले होते. मी म्हणालो होतो, विचार करून सांगतो. आणि मी विचार करत होतो. मी काही उतावळा माणूस नाही. अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेत जन्ममृत्यूची नोंदवही सांभाळतो. जन्म आणि मृत्यू यांच्या मधल्या गोष्टींना घाई करू नये हे मला धंद्यानेच शिकवलंय. कुणी विचारलं तर कारणंही होती. त्याच्या दुकानाला लागून मासळीची गाडी उभी राहते. तो फार कमी बोलतो. शिवाय त्याच्या आडनावाचं आद्याक्षर वर्णमालेत इतकं मागे येतं की कुठल्याही यादीत ओल्फाला शेवटपर्यंत ताटकळत बसावं लागलं असतं. ओल्फा मात्र एकदाच बोलली होती, "मला तोच हवाय बाबा. पण तुम्ही हो म्हणाल तेव्हा." त्यानंतर तिने विषय काढला नाही, आणि मी तो काढू दिला नाही.

तर मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "बाप जिवंत असताना या घरात यंत्र बाहेरून जुळवून यायचं नाही. मी जुळवीन."

माझी थोरली बहीण मन्नूबियाताई आमच्याच घरी असते. ती भाकरी मोडत म्हणाली, "बाप जिवंत आहे हे खरं. पण मागल्या वर्षी त्याने दारावरची घंटा बसवली, तेव्हापासून पाहुणे हाका मारतात."

त्या रात्रीपासून मी अभ्यासाला लागलो. एवढं कळलं की उन्हाचा हिशेब करते ती ग्राफिक कार्ड नावाची एक वीटभर लांबीची वस्तू, आणि ती हिशेब करताना तापते. ट्युनिसहून एक वापरलेलं पण धडधाकट कार्ड आणलं. पेटी, वीजपुरवठा, बाकीचे भाग हळूहळू जमवले. जुळवताना तीन स्क्रू उरले, ते मी वाटीत झाकून ठेवले. बटण दाबलं आणि यंत्र चालू झालं. खरंच झालं. ताईने धूप लावला.

मग ओल्फाने ऊन सुरू केलं, आणि कार्डावरचे दोन पंखे जागे झाले. आधी घोंघावले, मग भणभणले, आणि मग माळावरच्या वाऱ्यासारखा एकच सलग आवाज धरून बसले. तिची खोली आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून आहे. मी अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिलो. सकाळी उठून जाहीर केलं, की हे कार्ड पाण्याने थंड करायचं.

"पण बाबा, पंखे ठीक आहेत. सगळ्यांचे असेच वाजतात. मी कानात बोळे घालते," ओल्फा म्हणाली.

मी म्हटलं, कार्डाच्या प्रकृतीला पंखे मानवत नाहीत. ताईला सांगितलं, पंख्याने धूळ बसते. चहाच्या दुकानात सांगितलं, की आता सगळं जग पाण्याकडे वळतंय. तिन्ही कारणं चांगली होती, आणि तिन्ही मी त्या त्या वेळी उभ्या उभ्या रचली होती.

पाण्याने थंड करायचं म्हणजे काय, तर कार्डावरचे पंखे सोडवायचे आणि त्या जागी तांब्याचा एक ठोकळा बसवायचा. ठोकळ्याच्या पोटात केसाइतक्या बारीक खाचा असतात. त्यांतून छोटा पंप पाणी खेळवतो, तापलेलं पाणी नळीवाटे जाळीत जाऊन निवतं, पुढे एका टाकीत विसावतं आणि पुन्हा ठोकळ्यात येतं. हे वाचून मला हसूच आलं. हा तर आमचा कत्तार. उलटा धरलेला, एवढंच.

सामान मार्सेयला असलेल्या चुलतभावाकडून मागवलं. ते बंदरावरच्या जकातीच्या गोदामात अडकलं. तिथल्या साहेबांनी खोकं उघडून तांब्याचा ठोकळा, नळ्या, पंप आणि टाकी टेबलावर ओळीने मांडली आणि माझ्याकडे दीर्घकाळ पाहिलं. मग अगदी मायेने विचारलं, "अंजिराची की खजुराची?"

मला क्षणभर कळलंच नाही. अहो, मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, चहातसुद्धा साखर बेताने घेणारा माणूस. मी संगणकाचं सांगितलं. साहेब म्हणाले, संगणकात पाणी घालतात हे मी पोरांनाही सांगणार नाही, हसतील. शेवटी तोड अशी निघाली, की ही वस्तू दारू गाळण्यासाठी नाही असा नगरपालिकेचा दाखला आणावा.

मी धावतपळत कचेरीत आलो. तसल्या दाखल्याचा शिक्का माझ्याच टेबलाच्या खणात, आणि खणाची किल्ली माझ्याच खिशात. पण घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि अर्ज दहाच्या आत द्यावा लागतो. हा नियम मीच बसवलेला. त्यापायी मी एका गरोदर बाईलाही परत पाठवलं होतं. शिपाई माझ्याकडे बघत होता. मी खुर्चीत बसलो, स्वतःचा अर्ज स्वतःच्या हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि स्वतःलाच उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला आलो तेव्हा मला माझा मनापासून राग आला होता.

सामान सुटलं; पण खोकं घरी उघडलं तर टाकीला उभी चीर. साहेबांनी तळाशी काही दडवलंय का म्हणून ठोकून पाहिली असावी. आता आणखी एक टाकी मागवायची म्हणजे एप्रिल उलटणार. मी ती चिरलेली टाकी घेऊन शाजलीकडे गेलो. शाजली माझा लहानपणचा मित्र, कुंभार. त्याच्या हातचा माठ भर उन्हात ठेवला तरी आतलं पाणी दाताला लागतं.

शाजलीने सगळं शांतपणे ऐकलं. कार्ड, ऊन, वाचनालय, पाणी. मग म्हणाला, "तू प्लास्टिकच्या डब्यात पाणी गार ठेवायला निघालास, लारूसी? तुझ्या आईने ऐकलं नाही हे बरं. मडकं घे. मडकं घाम गाळतं आणि पाणी निवतं. झिलई करत नाही, नाहीतर त्याला श्वास घेता येत नाही."

आता सांगा, यात चूक काय होती? चार दिवसांनी त्याने आणून दिलं ते मडकं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. हाताच्या ओंजळीएवढं, मातीच्याच रंगाचं, झाकणाला दोन भोकं, आणि पोटावर नखाने कोरलेला एक मासा. मी ते पेटीच्या शेजारी बशीत ठेवलं आणि नळ्या जोडल्या. पंखे सोडवून फडक्यात बांधून कपाटावर टाकले. ठोकळा बसवताना श्वास दोन वेळा सुटला आणि एक स्क्रू, पण तो सापडला.

राहिलं पाणी. सगळीकडे लिहिलेलं होतं की नळाचं पाणी घालू नये, त्यात क्षार असतात. वाफेतून उतरवलेलं शुद्ध पाणी हवं. शाजली म्हणाला, ते पेट्रोल पंपावर मिळतं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते. मी बाटली आणायला निघालो, तर ताई अंगणातून उठून आडवी आली. तिच्यामागे कत्तार धुमसत होता, चादरीवर फुलांचा ढीग होता, आणि तिच्या केसांतही चार फुलं अडकलेली होती.

"वाफेचं पाणी," ती म्हणाली, "पेट्रोल पंपावरून? या घरात?"

मी समजावू पाहिलं की हे वेगळं. ती म्हणाली, वेगळं कसं? पंपावरचं पाणी वाफेचंच ना? हेही वाफेचंच. ते कुणी उतरवलं, कशात उतरवलं, उतरवणाऱ्याने हात धुतले होते का, हे तुला ठाऊक नाही. हे मी उतरवलंय. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीचं पहिलं मोठं काम आहे लारूसी. पहिल्या धारेचं देते."

पहिल्या धारेचं फुलपाणी ती कुणाला देत नाही. बाळंतिणीला आणि नवरीला तेवढं काढते. पहिल्या धारेपुढे माझी अक्कल चालत नाही. मी बाटली घेतली.

पंप सुरू केला. नळ्यांतून पाणी चढलं, दोनचार बुडबुडे धावले आणि विरले. ओल्फाने ऊन सुरू केलं. आम्ही तिघं उभे राहून ऐकत होतो, आणि ऐकायला काही नव्हतं. जाळीमागचे सावकाश पंखे झोपलेल्या मांजरासारखे घुरघुरत होते, एवढंच. कार्डाचा ताप पंख्यांपेक्षा वीस अंशांनी खाली.

ते नऊ दिवस मी विसरणार नाही. मडकं घाम गाळायचं, आणि तो घाम फुलांचा होता. संध्याकाळी कचेरीतून आलो की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच वास भेटायचा, जणू घराच्या आत एक बाग उगवली आहे आणि तिला कुणी कुंपण घातलेलं नाही. पडदे, उशा, माझे कचेरीचे कागद, सगळ्यांना तो वास लागला. एका मृत्यूच्या दाखल्याचा वास घेऊन एक विधवा माझ्यासमोर हसली आणि मग रडली. भिंतीपलीकडे ओल्फा काम करत असायची. पडद्यावर वाचनालयाच्या भिंतीवरून ऊन उतरायचं, विटांवर जरा रेंगाळायचं, खिडकीच्या चौकटीत बसायचं, आणि ती त्याच्याशी बोलायची, पुटपुटत, लहान मुलाला झोपवावं तसं. मी माझ्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसायचो. कितीतरी वेळ.

चौथ्या दिवशी मधमाश्या आल्या. आधी तीन, मग तीसेक. खिडकीतून यायच्या, मडक्याभोवती फेर धरायच्या आणि मातीतला घाम चाटायच्या. शेजारच्या बाई पदार्थ घेऊन बघायला आल्या आणि हे यंत्र मध देतं का विचारून गेल्या. शाजली म्हणाला, हा शुभशकुन आहे, आमच्या मडक्याला माशी सहसा बसत नाही. ओल्फा एका हाताने माश्या वारायची आणि दुसऱ्या हाताने दुपारचे चार वाजवायची.

पण मडकं घाम गाळतं म्हणजे पाणी कमी होतं, हे सांगायला कुंभार लागत नाही. मी रोज सकाळी बाटलीतून भर घालत होतो. पाणी उडून जात होतं, आणि फुलांचं तेल, जे पूर्ण उडत नव्हतं, ते आत राहत होतं. रोज थोडं. हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त बाटल्या रिकाम्या करत होतो. ताईच्या फडताळातल्या तीन गेल्या आणि तिने तोंडातून शब्द काढला नाही, यावरून प्रकरण किती पुढे गेलं होतं ते समजा.

नवव्या दिवशी संध्याकाळी पंप कण्हला. ताप चढू लागला. सत्तर, ऐंशी, त्र्याण्णव, आणि पडदा काळा. वाचनालयात त्या वेळी सूर्यास्ताला वीस मिनिटं बाकी होती. सोमवारला चार दिवस.

ओल्फा रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एक मधमाशी हळूच कागदावर घेतली, खिडकीबाहेर सोडली आणि खिडकी लावून घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ते उघडता येईल असा गावात एकच माणूस आहे. पण मी त्याला बोलावणार नाही. तुम्हाला कमीपणा येईल असं मी काही करणार नाही."

यापेक्षा तिने मला थोबाडीत मारायला हवी होती.

सकाळी मी कचेरीत रजेचा अर्ज दिला, दहाच्या आत. शाजलीच्या मडकी वाहायच्या तीनचाकीत गवत पसरून त्यावर यंत्र ठेवलं, शेजारी मी, मांडीवर फडक्यात बांधलेले पंखे. बाजारातून जाताना चहाच्या दुकानातले सगळे उठून उभे राहिले, जसे एखाद्या अंत्ययात्रेसाठी राहतात. एकाने तर हात छातीवर ठेवला. मी मान ताठ ठेवली. मागे माश्या येत होत्या.

वज्दीच्या दुकानाशी मासळीची गाडी उभीच होती. मी आत गेलो तेव्हा तो खालमानेने काहीतरी डाग देत होता. मला पाहून उठला, हात पुसले, यंत्र स्वतः उचलून आत नेलं आणि मला त्याची खुर्ची दिली. मी वाटभर एक उत्तर तयार केलं होतं, तो हसल्यावर द्यायचं. तो हसला नाही. हसणाऱ्याला उत्तर देता येतं. न हसणाऱ्यासमोर माणूस नुसताच बसून राहतो.

त्याने नळ्या सोडवल्या, ठोकळा उघडला. तांब्याच्या बारीक खाचांवर पिवळसर साय धरली होती, दुधावर धरते तशी. तो खाली वाकला आणि क्षणभर त्याचे डोळे मिटले.

"पहिल्या धारेचं?" त्याने हळूच विचारलं.

मी मान डोलावली. त्याने पंपाची चकती फिरवून पाहिली, कार्ड उजेडात धरून उलटसुलट निरखलं, फुंकर मारली. मग सांगितलं की कार्ड वाचलंय, वेळीच बंद पडलं म्हणून. पंप मात्र गेला. नवा मागवायचा, नळ्या धुवायच्या, सगळं पुन्हा जोडायचं म्हणजे तीन आठवडे. नाहीतर ते फडक्यातले पंखे परत बसवायचे, ते तासाभराचं काम. ओल्फाचं सोमवारपर्यंत आरामात होईल.

"हे कार्ड पंख्यांवर उत्तम चालतं, लारूसीसाहेब," तो म्हणाला. त्याने तांब्याचा ठोकळा दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायला घेतला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. "त्याला पाण्याची गरज नव्हती. पाणी कशासाठी घेतलंत?"

माझ्याकडे कारणं होती. कार्डाची प्रकृती होती, धूळ होती, सगळं जग कुठे वळतंय ते होतं. ती तिन्ही मी बाजूला ठेवली. बाहेर मासळीवाला बर्फ फोडत होता. तो थांबल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

"ती कामात असली की स्वतःशी बोलते," मी म्हणालो. "उन्हाला सांगते, इथून ये, इथे बस. भिंतीला, खिडकीला काय काय सांगत असते. पलीकडच्या खोलीत मला ऐकू येतं. तिची आई गेल्याला सहा वर्षं झाली. ताईचा आवाज असतो घरात, पण तो मला उद्देशून असतो. नुसता ऐकत बसावा असा हा एकच. पंख्यांत तो बुडत होता, म्हणून पाणी."

वज्दीचा हात थांबला. मी मांडीवरचं फडकं सोडलं आणि पंखे त्याच्यापुढे ठेवले.

"हे बसव. आणि पुढच्या शुक्रवारी आईवडिलांना घेऊन घरी ये. उत्तर हो आहे. पहिल्या दिवसापासून हो होतं."